माळावरून परसात : सातारा-सांगलीच्या तरवडाचा इतिहास

सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आसपास असलेल्या माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरचा आकडाही जेमतेम गाठतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांची शेती, वस्ती, व्यवसाय आणि सणवार या विषमतेभोवती घडले असल्यामुळे तेथील वनस्पतींचा इतिहासही दोन वेगळ्या वाटांनी गेलेला दिसतो. पश्चिमेकडील कारवी, हिरडा आणि कासच्या पठारावरील फुले यांना अभ्यासकांचे व पर्यटकांचे लक्ष लाभले. पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि जत या अवर्षणप्रवण, म्हणजे वारंवार पाऊस हुकणाऱ्या, तालुक्यांच्या माळांवर शतकानुशतके फुलत आलेला तरवड मात्र उपयोगाचा असूनही दुर्लक्षित राहिला. पाण्यावाचून तगणारे, पिवळ्या फुलांनी लगडणारे हे देशी झुडूप आज घराच्या बागेत मुद्दाम लावले जाऊ लागले आहे. या प्रदेशातल्या जुन्या परसबागांत त्याला जागा का नव्हती आणि आता ती का मिळते आहे, या प्रश्नाचे उत्तर बागकामाच्या आवडीनिवडीपेक्षा कातडे कमावण्याचा धंदा, विहिरीवरची मोट आणि गावाची सामाईक जमीन यांच्या इतिहासात अधिक सापडते.

तरवड हे शिंबावंत कुळातील, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुळातील, साधारण एक ते तीन मीटर उंचीचे, बुंध्यापासूनच अनेक फांद्या फुटणारे झुडूप आहे. त्याचे पान संयुक्त असते, म्हणजे एका देठावर पर्णिकांच्या आठ ते बारा जोड्या असतात, आणि देठाच्या तळाशी कानाच्या पाळीसारखी रुंद उपपर्णे असतात. हीच खूण लक्षात घेऊन स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीयस याने १७५३ साली त्याला कॅसिया ऑरिक्युलाटा असे नाव दिले आणि पुढे वर्गीकरण बदलल्यावर ते सेना ऑरिक्युलाटा या नावाने ओळखले जाऊ लागले. पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत फुलांचा मुख्य बहर असतो, परंतु थोडीफार फुले वर्षातील इतर महिन्यांतही दिसतात. फुलात मध नसतो आणि परागकोशांच्या टोकाला केवळ बारीक छिद्रे असतात, त्यामुळे पंखांच्या स्नायूंनी फूल थरथरवून पराग झाडून घेणारे काळे भुंगे त्याचे परागीभवन प्रामुख्याने करतात. फुलांनंतर चपट्या, कागदासारख्या पातळ शेंगा येतात आणि त्यांतील बियांचे कवच इतके टणक असते की जमिनीत पडल्यानंतरही त्या सगळ्या एकाच पावसात उगवत नाहीत. एखादे वर्ष कोरडे गेले तरी बियांचा काही साठा मातीत शिल्लक राहतो, आणि अवर्षणाच्या प्रदेशात ही वनस्पती टिकून राहण्याचे ते एक महत्त्वाचे कारण आहे.

दुसरे कारण गुरांच्या आवडीनिवडीशी निगडित आहे. एकोणिसाव्या शतकातील सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. तासगाव, खानापूर, वाळवा हे तालुके त्यातच मोडत. औंध, फलटण, जत, सांगली, मिरज अशी संस्थाने त्याच्या आतबाहेर विखुरलेली होती, आणि १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा झालेला जिल्हा १९६० मध्ये सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला. या संपूर्ण पट्ट्यात प्रत्येक गावाला गायरान, म्हणजे गुरे चारण्यासाठी राखलेली सामाईक जमीन, असे, आणि शंभू महादेवाच्या डोंगररांगांच्या उतारांवर व माणगंगा, येरळा, अग्रणी या नद्यांच्या खोऱ्यांत मुरमाड माळ पसरलेले होते. शेळ्यामेंढ्या आणि गुरे या माळांवरचे गवत व कोवळी झुडपे खुडून टाकीत, परंतु तरवडाला ती सहसा तोंड लावीत नसल्यामुळे चराई जितकी वाढे तितका तरवड इतर झुडपांच्या तुलनेत अधिक ठळक होई. म्हणूनच उजाड, अतिचराई झालेल्या माळावर तरवडाची दाट बेटे दिसणे हे निसर्गाच्या समृद्धीपेक्षा माणसाच्या आणि गुरांच्या दीर्घ वावराचे लक्षण मानावे लागते.

ब्रिटिश अमदानीत या झुडपाची नोंद उपयुक्त वनस्पती म्हणून झाली. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालेत सातारा जिल्ह्याचा एकोणिसावा खंड १८८५ साली प्रसिद्ध झाला, त्यानंतरच्या वर्षी त्याच मालेत वनस्पतींवरचा पंचविसावा खंड आला आणि त्यातील उपयुक्त वनस्पतींचे विवेचन जे. सी. लिस्बोआ यांनी केले होते. पुढे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे माजी प्राचार्य थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ भागाभागांनी प्रसिद्ध केला. या काळातील वनस्पतिविषयक लेखनाचा भर एखादी वनस्पती कोठे उगवते आणि तिच्यापासून काय मिळते यावर होता. तरवडाच्या बाबतीत या दुसऱ्या प्रश्नाचे पहिले उत्तर होते त्याची साल, आणि त्या सालीचे गिऱ्हाईक होते कातडे कमावणारे कारागीर.

कातडे कमावणे म्हणजे जनावराचे कच्चे कातडे कुजणार नाही, पाण्याने सडणार नाही आणि वाळून ताठ होणार नाही अशा चामड्यात त्याचे रूपांतर करणे. दख्खनमध्ये हे काम मुख्यतः ढोर समाजाकडे होते आणि कमावलेल्या चामड्यापासून वहाणा व इतर वस्तू करण्याचे काम चांभार समाज करीत असे. कातडे आधी पाण्यात भिजवून चुन्याच्या निवळीत काही दिवस ठेवीत, त्यामुळे केस सैल होत. मग ते धारदार हत्याराने खरवडून, धुऊन, चुन्याचा अंश काढून टाकीत आणि नंतर सालीच्या अर्कात मुरवीत. कातड्याची पिशवी शिवून, तिच्यात कुटलेली साल भरून, ती टांगून, तिच्यातून झिरपणारे पाणी पुन्हापुन्हा वरून ओतण्याची पद्धतही रूढ होती. सालीतील टॅनिन हे तुरट द्रव्य कातड्यातील प्रथिनांच्या तंतूंना घट्ट चिकटते आणि त्यामुळे पाणी व जंतू यांना त्या तंतूंवर परिणाम करणे कठीण जाते. तरवडाच्या सालीत हे द्रव्य सुमारे १८ टक्के असते. बाभळीच्या सालीने चामडे गडद रंगाचे आणि कडक होते, म्हणून ते तळव्यांना उपयोगी पडते. तरवडाच्या सालीने ते फिकट पिवळसर, मऊ आणि लवचिक होते, परंतु उन्हात तांबूस पडण्याची त्याची प्रवृत्ती असल्यामुळे शेवटी हिरड्याच्या पाण्यातून काढण्याची चाल होती.

या कृतीकडे भूगोलाच्या अंगाने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. हिरडा जावळी, महाबळेश्वर आणि कोयनेच्या पावसाळी डोंगरांतून येई. बाभूळ नदीकाठच्या काळ्या रानांतून आणि शेताच्या बांधांवरून मिळे, तर तरवड पूर्वेच्या माळांवर उगवत असे. पाऊस जिल्ह्याची जी विभागणी करतो तिच्या दोन्ही टोकांचा माल चामड्याच्या धंद्यात एकत्र येत होता. साल काढण्यासाठी तरवडाच्या दोन-तीन वर्षांच्या फांद्या कोयत्याने तोडीत, ओल्या असतानाच ठोकून त्यांची साल सोलीत आणि ती उन्हात वाळवीत, मात्र बुंधा जागीच ठेवीत. त्यातून पुढच्या पावसात नवे धुमारे फुटत, त्यामुळे एकच झुडूप अनेक वेळा तोडणीला येई आणि लागवडीची गरज कोणालाही भासत नसे.

या चामड्याचे सर्वांत मोठे स्थानिक काम विहिरीवर होते. कृष्णाकाठ सोडला तर या प्रदेशातील बागायत, म्हणजे पाण्यावर पिकणारी शेती, विहिरींवर अवलंबून होती, आणि विहिरीचे पाणी मोटेने उपसले जाई. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. तिच्या खालच्या अंगाला सोंड असे आणि नाडा व सोंदूर अशा दोन दोरांनी ती विहिरीत सोडली जाई. बैल धावेवरून, म्हणजे उतरत्या वाटेवरून, पुढे गेले की मोट वर येऊन सोंडेतून पाणी थारोळ्यात पडे. सतत भिजणारे, घासणारे आणि ताणले जाणारे हे चामडे झिजले की बदलावे लागत असल्याने प्रत्येक बागायतदाराला कातडे कमावणाऱ्याची आणि मोट शिवणाऱ्याची नियमित गरज पडे. बलुतेदारीच्या व्यवस्थेत या कारागिरांना कामाच्या बदल्यात धान्याचा वाटा मिळत असला तरी त्यांना गावकुसाबाहेर राहावे लागे आणि त्यांचा व्यवसाय हीन मानला जाई. ज्या शेतीची प्रतिष्ठा गावात मोठी होती, ती पाण्यासाठी याच तिरस्कृत श्रमावर उभी होती, ही विसंगती या धंद्याच्या इतिहासातून वगळता येत नाही.

सातारा-सांगलीत हा व्यवहार गावापुरता राहिला, तर मद्रास इलाख्यात त्याच झुडपाने आंतरराष्ट्रीय व्यापार घडवला. तमिळमध्ये आवारम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरवडाच्या सालीने कमावलेली हलकी कातडी एकोणिसाव्या शतकात मद्रासहून लंडनच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर जाऊ लागली. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बुटांच्या वरच्या भागासाठी त्यांची गरज इतकी वाढली की १९१६ पासून सरकारने त्या व्यापारावर नियंत्रण आणले. सेलम आणि म्हैसूर भागातील पोलाद बनवणारे कारागीर मुशीत लोखंडाबरोबर याच झुडपाचे वाळलेले लाकूड घालीत, कारण बंद मुशीत तापल्यावर लाकडातील कार्बन लोखंडात मिसळून त्याचे पोलाद होई. परंतु विसाव्या शतकाच्या प्रारंभी अल्फ्रेड चॅटर्टन यांच्या प्रयत्नांमुळे मद्रासमध्ये क्रोम पद्धत, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची जलद रीत, आली. पुढे दक्षिण आफ्रिकेतून वॉटल या बाभूळवर्गीय झाडाची टॅनिनयुक्त साल आयात होऊ लागली आणि हाताने गोळा केलेल्या तरवडाच्या सालीची बाजारातील जागा हळूहळू आकसत गेली.

कृष्णाखोऱ्यात हा बदल आणखी दोन दिशांनी आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर, राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने कारखाना उभारला आणि किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगरापासून सुरू झालेले तेथील उत्पादन पुढे पंपांपर्यंत गेले. चामड्याच्या मोटेची जागा आधी बऱ्याच ठिकाणी पत्र्याच्या मोटेने, मग तेलावर आणि विजेवर चालणाऱ्या पंपांनी घेतली, आणि विहिरीवरील चामड्याची मागणी संपली. दुसरा बदल सामाजिक होता. शालेय शिक्षणाची सुरुवात साताऱ्यात झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या महाड येथील परिषदेपासून मृत जनावरांशी निगडित, अप्रतिष्ठा लादणाऱ्या प्रथा सोडून देण्याचे आवाहन केले, आणि त्यानंतरच्या दशकांत अनेक गावांतील महार समाजाने मेलेली गुरे ओढून नेण्याचे काम नाकारले. कच्च्या कातड्याचा जुना पुरवठा ज्या सक्तीवर चालत होता तीच मोडू लागली. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कातडे कमावण्याची परंपरा कोल्हापुरी चपलांच्या निमित्ताने मर्यादित स्वरूपात टिकली. त्या चपलांना २०१९ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सोलापूर, सांगली व सातारा या चार जिल्ह्यांचा समावेश आहे, परंतु त्या कृतीत प्राधान्य बाभळीच्या सालीला आणि हिरड्याला आहे.

धंदा ओसरला तरी तरवडाचे दुसरे स्थान, म्हणजे देवघरातले, ढळले नाही. आश्विनातील नवरात्रात घटस्थापनेच्या दिवशी पत्रावळीवर किंवा परडीत माती पसरून धान्य पेरतात, मध्ये घट मांडतात आणि त्यावर रोज फुलांची एक माळ सोडतात. या माळांसाठी कारळ्याची, झेंडूची आणि तिळाची फुले जशी वापरतात तशीच तरवडाचीही वापरतात. पावसाळा सरताना तरवडाचा बहर जोरात असतो आणि माळावरून ती फुले कोणालाही विनामूल्य आणता येत, त्यामुळे अवर्षणाच्या वर्षी शेतातली फुले हुकली तरी घटाची माळ चुकत नसे. याच दिवसांत तेलंगणात बतुकम्मा या सणासाठी स्त्रिया तरवडाची फुले थरांनी रचतात, आणि २०१४ साली नव्या तेलंगण राज्याने तंगेडू या नावाने त्याला राज्यपुष्पाचा मान दिला. सातारा-सांगलीच्या पूर्वेकडील पट्ट्यापासून तेलंगणापर्यंत पसरलेला हा आचार पठाराच्या समान हवामानातून आलेला आहे. याखेरीज कोवळ्या काड्या दातवणासाठी आणि पाने हिरवळीच्या खतासाठी, म्हणजे जमिनीत गाडून सुपीकता वाढवण्यासाठी, उपयोगात येत.

इतके उपयोग असताना घराच्या परसात तरवड न लावण्यामागे सौंदर्यदृष्टीचा अभाव नव्हता. सातारा, वाई, कऱ्हाड, मिरज, सांगली या नगरांतील वाड्यांच्या मागील अंगणात तुळस, जास्वंद, तगर, पारिजातक, कण्हेर, मोगरा, अबोली अशी झाडे असत. न्हाणीचे सांडपाणी त्यांना मिळे आणि त्यांची फुले रोजच्या पूजेला लागत. त्यांच्या सोबतीला अमेरिका खंडातून आलेले चाफा, गुलबक्षी व झेंडू आणि मादागास्करमधून आलेली सदाफुली हीदेखील इतकी रुळली की ती परदेशी आहेत याचे भान राहिले नाही. या निवडीमागचा नियम साधा होता : रोज लागणारे आणि पाण्यावाचून न येणारे झाड परसात लावावे, वर्षातून काही दिवस लागणारे आणि आपोआप येणारे झाड माळावर राहू द्यावे. पाणी दुर्मीळ आणि माळ मुबलक असलेल्या काळात तरवडासाठी अंगणातली जागा अडवणे निरर्थक होते. त्याच्या सालीचा संबंध कातड्याशी असल्यामुळे तो टाळला जात असावा, असा तर्क करण्याचा मोह होतो, परंतु ज्या झुडपाची फुले देवीच्या घटावर चढत त्याला अपवित्र मानले गेले असे म्हणता येत नाही.

हा नियम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बदलला, कारण त्यातील दोन्ही गृहीतके उलटी झाली. नळाचे पाणी घरोघर पोहोचले, तर माळ कमी होत गेला. सहकारी साखर कारखान्यांबरोबर कृष्णाकाठी ऊस पसरला. तासगावची द्राक्षे आणि आटपाडीची डाळिंबे यांनी हलक्या जमिनीही लागवडीखाली आणल्या. पुढे ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांनी, म्हणजे कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवणाऱ्या योजनांनी, दुष्काळी तालुक्यांतील मोठे क्षेत्र बागायती केले. तहानलेल्या गावांना मिळालेले हे पाणी न्याय्य होतेच, परंतु त्याबरोबर मुरमाड माळ सपाट करून त्यावर माती पसरण्याचे कामही वेगाने झाले. सामाजिक वनीकरणात सुबाभूळ आणि गिरिपुष्प या मध्य अमेरिकेतील जलद वाढणाऱ्या झाडांना प्राधान्य मिळाले, आणि उरलेल्या पडीक जमिनीवर घाणेरीने बस्तान बसवले. जुलै २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर कासच्या पठाराचा जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यावर फुलांच्या संरक्षणाची चर्चा साताऱ्यात सुरू झाली, पण ती पावसाळी पठारांपुरती राहिली. पूर्वेचा माळ सरकारी भाषेत पडीक, म्हणजे कामास न आलेली जमीन, म्हणूनच मोजला गेला.

घरच्या बागेत तरवड येऊ लागला तो या पार्श्वभूमीवर, आणि त्याच्या लागवडीतील बारकावे त्याच्या माळावरच्या इतिहासाशी जुळतात. हिवाळ्यात शेंगा तपकिरी होऊन वाळल्या की बी गोळा करावे आणि टणक कवच मऊ होण्यासाठी ते पेरणीपूर्वी खरखरीत पृष्ठभागावर हलके घासून किंवा गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजू द्यावे. सोटमूळ, म्हणजे सरळ खोल जाणारे मुख्य मूळ, लवकर लांब होत असल्याने मोठे रोप उपटून लावण्यापेक्षा जूनच्या पहिल्या पावसानंतर जागेवरच बी टोकणे हितावह ठरते. जत किंवा आटपाडीच्या मुरमाड जमिनीत याहून अधिक काही करावे लागत नाही. सांगली-मिरजेच्या कृष्णाकाठच्या काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत मात्र मुरूम आणि खडी मिसळून उंच वरंबा केल्याखेरीज मुळे कुजण्याची भीती असते. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून पाणी दिले की पुढे त्याची गरज उरत नाही. शेणखत आणि पाण्याचा अतिरेक केल्यास पाने वाढतात आणि फुले कमी येतात. ऊन पूर्ण दिवसभर हवे, वाड्याच्या किंवा इमारतीच्या सावलीत झुडूप उंच आणि विरळ होते. शेंगा उतरल्यानंतर फांद्या बुंध्यापासून हात-दीड हात ठेवून छाटल्या तर पावसाबरोबर दाट धुमारे येतात आणि दोन-तीन वर्षांत कुंपणाची रांग तयार होते. ही छाटणी म्हणजे साल काढणाऱ्यांच्या कोयत्याने माळावर जे काम पिढ्यान्‌पिढ्या केले त्याचीच पुनरावृत्ती होय, आणि हे झुडूप तोडणी इतकी सहज सोसते हे पहिल्यांदा त्या कारागिरांनी ओळखले होते, याची नोंद बागकामाच्या पुस्तकांनी घ्यायला हवी.

परसातील एखादे झुडूप भुंग्यांना पराग देते, त्याच्या पानांवर पिवळसर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात आणि नवरात्रात घटाला माळही मिळते, परंतु तेवढ्याने माळाची भरपाई होत नाही. बागेत लावलेली रोपे बहुधा थोड्याच झाडांच्या बियांपासून आलेली असतात, तर माळावरच्या झुडपांत दुष्काळ, चराई आणि तोडणी यांच्या दीर्घ निवडीतून टिकलेले वैविध्य असते. म्हणून बागेसाठी बी दूरच्या रोपवाटिकेतून आणण्यापेक्षा आपल्याच तालुक्याच्या माळावरून, प्रत्येक झुडपावर पुरेशा शेंगा राखून, घेणे अधिक योग्य ठरते, आणि असे बी मिळत राहण्यासाठी गायराने, ओढ्यांचे काठ आणि रुंद बांध शिल्लक असावे लागतात. तरवड परसात आला ही त्याच्या इतिहासातील बढती मानण्याचे कारण नाही. जे झुडूप कोणी लावत नव्हते कारण ते सर्वांचे होते, ते आज लावावे लागते, कारण सर्वांची म्हणून राहिलेली जमीनच उरत नाही. त्यामुळे तरवडाच्या संवर्धनाचा खरा प्रश्न बागेच्या कुंपणाआत नसून गावाच्या सामाईक जमिनीच्या सात-बारा उताऱ्यावर आहे.